पाथ्स ऑफ ग्लोरी: काळ्या पट्ट्या आणि ग्रेन

स्टॅनली क्युब्रिकच्या या कृष्णधवल युद्धपटाच्या ब्लू-रेबद्दल दोन शंका आल्यात: बाजूंना काळ्या पट्ट्या का, आणि रिस्टोअर (जुन्या फिल्मची दुरुस्ती) करूनही एवढा ग्रेन, म्हणजे चित्रावरचे बारीक दाणे, का?

क्रायटेरियन या कंपनीच्या ब्लू-रेवर 'पाथ्स ऑफ ग्लोरी' (१९५७) १.६६:१ (रुंदी:उंची) मध्ये आहे; टीव्हीचा पडदा त्याहून रुंद, १६:९ चा, म्हणजे १०८० ओळींना १९२० पिक्सेल. चित्राची रुंदी साधारण १७९३ पिक्सेल, म्हणजे दोन्हीकडे ६३-६३ पिक्सेल काळे. हेच बरोबर. पट्ट्या घालवायला झूम केलंत तर वरखाली मिळून जवळपास ७ टक्के चित्र कापलं जातं.

ग्रेन हा फिल्मचा पोत आहे, तो कृपया घालवू नका. टीव्हीचं नॉइज रिडक्शन (दाणे पुसणारं सेटिंग) लागोपाठच्या फ्रेम्सची सरासरी काढतं आणि हलता बारीक तपशीलही ग्रेन समजून पुसतं. खंदकातल्या लांब ट्रॅकिंग शॉटमध्ये लोकरी कोट मेणासारखे गुळगुळीत दिसतात ते त्यामुळेच. मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम्स बनवून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) आणि ओव्हरस्कॅनही (चित्र मोठं करून कडा कापणारं) बंद, प्लेअरचं आउटपुट सेकंदाला २४ फ्रेम्स.

शार्पनेससाठी कोर्ट-मार्शलचा प्रसंग लावा. महालाच्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर चौकोनांच्या कडेला उजळ रेघ दिसली तर ती जाईपर्यंत शार्पनेस उतरवा. पांढरे चौकोन निळसर वाटले तर कलर टेम्परेचर 'वॉर्म'वर न्या, ६५०० केल्विनच्या आसपास. कृष्णधवल चित्रात ही झाक लगेच उघडी पडते.