प्रतिसाद : मुखत्यारपत्रावर विसंबू नका

वडिलांनी बागेचं कुळमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) मुंबईकर मुलाच्या नावे दिलंय, मग मृत्युपत्र कशाला, असं वर विचारलंय. कारण साधं: देणारा गेला की मुखत्यारपत्र तिथेच संपतं. त्यानंतर त्यावर बाग विकली तर तो व्यवहार टिकत नाही.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. दोन साक्षीदार हवेत. ते वडिलांपेक्षा वयाने लहान (पण सज्ञान) असावेत, लाभार्थी नसावेत. वडील थकलेले असतील तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

आपल्याकडे घोळ होतो तो वर्णनात. ‘घराखालची कलमं (कलमी झाडं) धाकट्याला’ एवढ्यावर फेरफार (सातबारावर नाव बदलण्याची नोंद) कसा व्हायचा? सातबारा समोर ठेवून गट नंबर, हिस्सा, हेक्टर-आर लिहा. घर सातबारावर दिसेलच असं नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या असेसमेंट (घरपट्टीच्या) उताऱ्यावरचा घर नंबरही घाला.

आणि सातबारावर चुलत्यांसकट वीस नावं असतील (कोकणात कुणाच्या नसतात!) तर वडिलांना फक्त स्वतःचा अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा देता येतो. अमुक कोपरा, तमुक विहीर असं वाटप झाल्याशिवाय लिहिलंत तर पहिली हरकत चुलत्यांचीच.