मदत हवी आहे: डिजिटल फिगरला नऊवारी नेसवायची आहे, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

नमस्कार मंडळी,

लालबागला आमचं नाटकांचे आणि शाळांच्या गॅदरिंगचे कपडे शिवून भाड्याने द्यायचं घरचं काम आहे. बेतणं, कापणं, शिवणं माझ्या हातात बसलंय, थ्रीडीत मात्र नवीन आहे. डाझ स्टुडिओ हे थ्रीडी माणसं उभी करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून त्यात जेनेसिस ९ ही तयार मिळणारी मानवी फिगर घेऊन पोझ, प्रकाश, रेंडर (म्हणजे शेवटचं चित्र काढणं) इथपर्यंत आले. आता तिचे कपडे स्वतः बनवायचे आहेत आणि पहिला कपडा नऊवारीच हवा. कापडाला कात्री लावायच्या आधी दिग्दर्शकाला काठ आणि रंग दाखवता आले तर दोघांचाही खर्च वाचतो. पुढेमागे असे कपडे विकायचाही विचार आहे. तयार मिळणाऱ्या साड्या पाहिल्या, पण बहुतेक गोल नेसलेल्या पाचवारी. काष्टा मागे घट्ट खोचलेला, पोटऱ्या दिसतील इतका वर घेतलेला, असा मनासारखा एकही मिळाला नाही. ही बाई चालली पाहिजे, मांडी घालून बसली पाहिजे, फुगडीसुद्धा खेळली पाहिजे.

वाचून आणि व्हिडिओ बघून दोनच नावं उरली आहेत. ब्लेंडर फुकट आहे, शिकवणारेही भरपूर आहेत, पण तिथे कपडा म्हणजे एकेक बिंदू ओढून आकार घडवायचा, असं मला वाटतं. मार्व्हलस डिझायनर कोरियातल्या क्लो कंपनीचं. त्यात एका खिडकीत सपाट पॅटर्न आखायचे, शिवणी जोडायच्या आणि शेजारच्या खिडकीत ते अंगावर पडताना बघायचे. हे पाहिल्यावर आपल्या कटिंगच्या टेबलाशी उभं राहिल्यासारखं वाटलं. पण त्याची वर्गणी मासिक किंवा वार्षिक, आणि आमचा धंदा गणपती ते मार्च एवढाच जोरात चालतो. माया आणि झेडब्रश बघितली. ती खर्चिक आहेत आणि माझ्या कामाला फार मोठी वाटली.

खरी अडचण अशी, की साडी शिवलेली नसते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर सरळ कापड आणि ते नेसवायचं. सॉफ्टवेअरमध्ये असं नेसवता येतं का? की दादरला मिळते तशी शिवलेली नऊवारी बेतावी? तिचे खाके माझ्याकडे आहेत, अगदी लहान मुलींच्या मापापासून.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं ४ जीबीचं कार्ड आहे.

प्रतिसाद

ताई, मी अंधेरीला एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत कपड्यांचंच काम करतो. तुमच्या हातात खाके आहेत, म्हणून मार्व्हलसच घ्या. ब्लेंडरमध्येही शिवणी जोडता येतात. दोन तुकड्यांमध्ये नुसत्या कडा ओढायच्या आणि क्लॉथच्या सेटिंगमध्ये शिवण चालू करायची, की तुकडे एकमेकांकडे ओढले जातात. पण कंबर एक इंच आत घेऊन लगेच परिणाम बघायचा, हे शिंप्याचं काम तिथे फार रेंगाळतं.

आता नऊवारी. खरी नेसवायचा मोह पहिल्यांदा टाळा. मार्व्हलसमध्ये कापड म्हणजे बिंदू जोडून केलेली जाळी, आणि त्या बिंदूंमधलं अंतर सुरुवातीला २० मिलिमीटर असतं. सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटरला जरा कमी पन्हा धरला तरी चोवीस हजारांच्या आसपास बिंदू होतात. निऱ्या धारदार दिसायला अंतर ५ मिलिमीटरवर आणावं लागतं आणि बिंदू सोळापट होतात, म्हणजे पावणेचार लाखांच्या घरात. त्यात थरावर थर, कापड कापडात घुसतं. तुमचा लॅपटॉप तिथे दमेल.

शिवलेली नऊवारी मात्र मुळातच पॅटर्न आहे. दोन पायांचे भाग, पुढच्या निऱ्यांचा पट्टा, मागचा काष्टा, वेगळा पदर. निऱ्यांसाठी पट्ट्यावर आतल्या रेघा आखून घडीचा कोन द्यायचा. त्यासाठी प्लीट्सचं खास साधन आहे. आधी पाय आणि काष्टा अंगावर बसवा, ते हलू नयेत म्हणून गोठवून ठेवा, मग निऱ्या, शेवटी पदर. पूर्ण बसल्यावरच बिंदूंचं अंतर कमी करा.

यात तुमचा आणखी एक फायदा आहे. सपाट पॅटर्नच यूव्ही, म्हणजे कापडावर चित्र बसवायचा नकाशा, होतो, त्यामुळे काठ सरळ येतो, नागमोडी होत नाही. पण पदराची नक्षी अंगभर चालणाऱ्या बुट्टीच्याच चौकोनी चित्रात कोंबू नका, ताणली जाईल. पदराला वेगळं मटेरियल (रंग-नक्षीची वेगळी मांडणी) द्या.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त ब्लेंडर सोडू नका. नथ, तुशी, कंबरपट्टा मार्व्हलसमध्ये करायच्या वस्तू नाहीत. शिवाय मार्व्हलसची जाळी सुरुवातीला त्रिकोणी असते. विकायचा कपडा चौकोनी जाळीत नीट बांधलेला हवा, आणि ती साफसफाई ब्लेंडरमध्येच बरी. मापाचं एक लक्षात ठेवा: डाझचं एकक सेंटिमीटर आहे, ब्लेंडरचं मीटर. दोन्हीकडचा स्केल आधी जुळवून घ्या.

विक्रीबद्दल: डाझची फिगर स्वतः वाटता किंवा विकता येत नाही. तिच्यावर बेतलेला, पण जाळी सर्वस्वी तुमची असलेला कपडा विकता येतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शिवलेल्या नऊवारीने सुरुवात करते. मार्व्हलसची चाचणी आवृत्ती पावसाळ्यात, काम मंद असताना घेईन आणि त्याआधी सगळे खाके मोजून कागदावर तयार ठेवेन. एकच शंका राहिली. कपडा डाझमध्ये आणल्यावर फिगरबरोबर हलणार कसा? पाऊल लांब टाकलं की मधल्या निऱ्या दोन्ही पायांकडे फाकतील ना?

प्रतिसाद

बरोबर ओळखलंत, तिथेच फाटतं. डाझचं ट्रान्सफर युटिलिटी हे साधन फिगरची हाडं आणि वजनं (कुठल्या हाडाबरोबर कोणता भाग किती हलायचा ते) कपड्याला देतं, पण जवळच्या कातडीवरून देतं. निऱ्यांचा डावा अर्धा भाग डाव्या मांडीमागे जातो, उजवा उजवीमागे. म्हणून पायांचे भाग, कंबर आणि काष्टा हाडांवर ठेवा. पुढच्या निऱ्या आणि पदराचं लोंबतं टोक डीफोर्सला, म्हणजे डाझमधल्या कापड पाडणाऱ्या साधनाला, द्या, म्हणजे ते दर पोझला खऱ्या कापडासारखं पडेल. कुठे किती पडू द्यायचं ते वजनाच्या नकाशात रंगवता येतं: कंबरेला शून्य, गुडघ्याखाली पूर्ण. ओचा मात्र हाडांवरच राहू द्या, डीफोर्समध्ये तो सुटून खाली येतो.

मांडी घालून बसवताना सिम्युलेशन (कापड पाडायचं गणित) उभ्या पोझपासून सुरू करून हळूहळू बसवा. एकदम बसलेल्या पोझला लावलंत तर काष्टा मांड्यांमध्ये अडकेल. फुगडी सगळ्यात शेवटी घ्या.