चवथीला शर्ट काढायला नकार, आणि कपाटात सापडलेली बाटली

सत्तरीकरीण
नमस्कार. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. घर वाळपईच्या पुढे, याहून जास्त सांगत नाही, कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. नवरा बोटीवर असतो, मार्चपर्यंत यायचा नाही. घरात मी, सासू-सासरे आणि हा.

चवथीच्या दिवशी पूजेची वेळ झाली. आमच्याकडे मुलगे सोवळं नेसून उघड्या अंगाने बसतात. गेल्या वर्षी हाच सगळ्यांच्या आधी तयार होऊन माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं टांगतात ती चौकट) उभा होता. यंदा म्हणाला, "हांव शर्ट काडचों ना." सासरे पाहुण्यांसमोरच ओरडले. शेवटी हा पूजेला बसलाच नाही, स्वयंपाकघरात येऊन माझ्याबरोबर नेवऱ्या तळत राहिला. मला वाटलं, लाजतोय. मिसरूड फुटतंय, आवाज फाटलाय.

काल त्याचं कपाट आवरताना पुस्तकांमागे प्लॅस्टिकची बाटली मिळाली. आत तपकिरी भुकटी, अर्धी संपलेली. औषधाचं नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही. नुसता एक मोबाईल नंबर आणि 'सकाळ-संध्याकाळ दुधातून'. महिनाभर हा स्वतःहून दूध मागतोय म्हणून मी सासूकडे कौतुक करत होते!

विचारलं तर ढसाढसा रडला. छातीला बोंडांखाली गाठ आलीय, शर्ट घासला तरी दुखते. वर्गातली मुलं मुलीच्या नावाने हाक मारतात. मोबाईलवर शोधलं तर कुणा 'वैद्या'चा व्हिडिओ मिळाला: वाईट सवयीने शक्ती वाहून जाते, मग शरीर बायकी होतं. खाली नंबर. आजीने आणि आत्यांनी हातावर ठेवलेल्या पैशांतले ८५० रुपये देऊन पार्सल मित्राच्या दुकानावर मागवलं. पहाटे उठून चादर स्वतः का धुतो, तेही आता कळलं.

ही गाठ कसली? आणि याच्याशी बोलायचं कुणी? मुलगी असती तर मी बोलले असते. माझ्या आईनेही मला चार वाक्यं सांगितली होती, त्यातली तीन 'देवाला शिवू नकोस' अशीच होती म्हणा. पण मुलाशी आई काय बोलणार?

निवृत्त सिस्टर, पेडणे
बाय, आधी ती भुकटी बंद कर. बाटली मात्र फेकू नकोस, डॉक्टरला दाखवायला ठेव. असल्या बिननावाच्या चूर्णात स्टिरॉइड किंवा शिसं-पाऱ्यासारखे धातू निघालेले आहेत. अशा जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ पासून आहे, तरी मुतारीच्या भिंतीवरून त्या आता मोबाईलवर आल्या, एवढाच काय तो फरक.

आता गाठ. वयात येणाऱ्या साधारण निम्म्या मुलग्यांना ती येते. मुलग्याच्या अंगातही थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांमध्ये जास्त असतं ते हार्मोन, असतंच. या वयात त्याचं आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं प्रमाण काही काळ मागेपुढे होतं, त्यामुळे बोंडाखाली बटणाएवढी कडक चकती लागते, हात लावला की दुखते. कधी एकाच बाजूला, कधी दोन्हीकडे. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. सवयीशी तिचा काडीचा संबंध नाही. तरी एकदा डॉक्टरला दाखव, कारण त्याने महिनाभर काय पोटात घातलंय कुणाला माहीत. गाठ भराभर वाढली, बोंडातून पाणी आलं किंवा अंडकोषात काही वेगळं लागलं, तर मुळीच थांबू नकोस.

चादरीचं. झोपेत वीर्य बाहेर पडणं हे शरीर वयात आल्याचं लक्षण. आपण त्याला स्वप्नदोष म्हणतो आणि नावातच दोष घालून ठेवतो. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब तयार होतो, हे साफ खोटं. शुक्रपेशी अंडकोषात रोज कोट्यवधी तयार होतात, ते काही साठवून ठेवायचं धन नव्हे. कुणाला वरचेवर होतं, कुणाला कधीच होत नाही, दोन्ही ठीक.

एक प्रश्न त्याला नक्की विचार, पण उलटतपासणी केल्यासारखा नको: त्या नंबरवाल्याने फोटो मागितले का? 'तपासायला फोटो पाठव' म्हणायचं आणि मग घरी सांगतो म्हणून पैसे उकळायचे, असंही चालतं. तसं झालं असेल तर चॅट पुसू नका, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. चूक मुलाची नाही, हे त्याला त्याच क्षणी सांग.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. जवळच्या आरोग्य केंद्रात किशोरांच्या तपासणीचा वार कुठला ते विचारून जा. आत त्याला एकट्याला डॉक्टरशी बोलू दे.

संस्कारी गोंयकार
चार लोकांत मांडायचे हे विषय का? आमच्या वेळी कोणी काही सांगितलं नाही, आम्ही काय बिघडलो? मुलाचा मोबाईल काढून घ्या, संध्याकाळी भजनाला बसवा.

फोंडा ते पणजी कदंबा
काका, तुमच्या वेळी कोणी सांगितलं नाही म्हणूनच तर बसस्टँडवर ते 'गुप्तरोग' वाले जगले. मी २२ वर्षांचा आहे. मला ही गाठ नववीत होती. दीड वर्ष दप्तर पाठीला न लावता छातीशी धरून चाललो, तळीवर पोहायला गेलो नाही. अकरावीत कधीतरी लक्षात आलं की गाठ गेलीय. कधी गेली तेही कळलं नाही. बरं, भजनालाही बसायचो हो, पखवाज वाजवायचो, शर्ट घालून.

ताई, मोबाईल काढून घेऊ नका. घेतलात तर पुढच्या वेळी तो दुसऱ्याच्या मोबाईलवर बघेल आणि तुम्हाला रडून सांगणार नाही.

जुना मास्तर, डिचोली
मी विज्ञान शिकवलं, ३१ वर्षं. एक कबूल करतो. पुनरुत्पादनाचा धडा आला की मी फुलावर, परागकणांवर तीन तास घ्यायचो आणि माणसाचं पान आलं की 'हे घरी वाचा' म्हणायचो. मुलं खाली बघून हसायची, मी फळा पुसायचो. घरी कुणी वाचलं असेल? शेजारच्या महाराष्ट्र-कर्नाटकात २००७ साली शाळांतला किशोर शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला होता. माझ्यासारख्यांना तशा आदेशाचीही गरज पडली नाही.

आणि संस्कारीबुवांना एक आठवण. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक चालवलं, तेही मराठीतच. त्यांच्यावरच्या १९३४ च्या खटल्यात वकील म्हणून बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. तेव्हा चार लोकांत बोलायची परंपराही आपलीच आहे.

बाई, बोलताना समोरासमोर बसू नका. हाताला काम असावं आणि नजर दुसरीकडे असावी. मला हे निवृत्त झाल्यावर नातवाबरोबर नारळ सोलताना कळलं.

म्हापशाची मावशी
मामा आहे का त्याला? मामाला सांग. पण आधी तू बोल. मामा काय, चवथीपुरता.

सत्तरीकरीण
सगळ्यांचे आभार. आमचा गणपती पाच दिवसांचा, काल पोचवला. आज माटोळी उतरवत होतो. तो स्टुलावर, पाठ माझ्याकडे, वरून एकेक फळ खाली देत होता. मास्तरांचं वाक्य आठवलं आणि मी बोलायला लागले. सिस्टरनी सांगितलं तसंच, निम्म्या मुलग्यांना होतं म्हणून. तो काही बोलेना. तोरिंग खाली द्यायला आलेला हात तसाच थांबला. मग विचारलं, "बाबाकय जाल्लें?" म्हणजे बाबालाही झालं होतं का.

मला काय माहीत! संध्याकाळी बोटीवर फोन लावला. नेटवर्क तुटत होतं. प्रश्न ऐकून हे आधी गप्पच झाले, मग म्हणाले, दहावीपर्यंत मी विहिरीवर बनियन घालूनच आंघोळ करायचो, आईला वाटायचं मला थंडी वाजते. बाजूला सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हसल्या. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. ते यांनीच सांगावं, मार्चमध्ये.

फोटो मागितले होते. त्याने पाठवले नाहीत, म्हणून नंतर त्या माणसाने उत्तरं देणं बंद केलं. चॅट ठेवलंय. सोमवारी आरोग्य केंद्रात जातोय, बाटली पिशवीत भरून ठेवलीय. दूध त्याने आजपासून बंद केलं. ८५० रुपये परत मिळतील का, असं दोनदा विचारून झालंय.