विषय: ड्रॅगनचं पुस्तक – फॉर्मवर काय लिहू?? शुक्रवारपर्यंत सांगा

प्रेषक: बंट्या
मंगळवार, 11 मार्च 2025, रात्री 10:42

मंडळी,
आला एकदाचा फॉर्म, 2022 मध्ये आगाऊ पैसे भरून मागवलेल्या ड्रॅगनच्या खेळाच्या पुस्तकाचा. प्रकाशकाचं अपडेट क्र. 31. बोट निघाली म्हणतायत, कधी निघाली ते सांगत नाहीत आणि कुठवर आली ते तर अजिबातच नाही. आता फॉरवर्डरचा (माल पोचवणाऱ्या कंपनीचा) एक फॉर्म भरून द्यायचाय, शुक्रवारी पाचच्या आत, नाहीतर आपलं खोकं पुढच्या लॉटमध्ये जाणार, आणि पुढचा लॉट म्हणजे काय ते मी सांगायला नको. बारा कॉपी एकदम घेतल्यामुळे आपण म्हणे इंपोर्टर झालो. तर त्यात "मालाचं वर्णन" म्हणून एक रकाना आहे. मी सरळ "गेम" लिहून मोकळा होणार होतो पण दादा म्हणाला थांब, मंडळाला विचार, लेझीमच्या वेळचं विसरलास का. तर पुस्तक लिहू की गेम? एका शब्दात उत्तर द्या प्लीज.
आणि हो, पत्ता नानांच्या गॅरेजचा दिलेला होता. नानांनी घर विकलं.

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, 11 मार्च 2025, रात्री 11:58

सप्रेम नमस्कार.
एका शब्दात उत्तर देता येणार नाही.
छापील पुस्तकाला इथे ब्रिटनमध्ये व्हॅट शून्य टक्के आहे. खेळाला 20 टक्के. मालाची किंमत 135 पौंडांच्या वर आहे, म्हणजे व्हॅट बॉर्डरवरच भरावा लागणार. आपले 480 पौंड गेलेले आहेत. "गेम" लिहिलंत तर 96 पौंड भरा. ते कुठून भरायचे? ही रक्कम नोव्हेंबर 2022 च्या सभेत ग्रंथालय निधीतून मंजूर झाली आहे, "किशोर गटासाठी पुस्तके" असं इतिवृत्तात स्पष्ट लिहिलंय. क्रीडा निधीत तेव्हा 14 पौंड होते, अजूनही तेवढेच आहेत. तेव्हा कस्टम्सला गेम आणि मंडळाला पुस्तक असं चालणार नाही.
कळावे.

---

प्रेषक: नाना
बुधवार, 12 मार्च 2025, सकाळी 6:15

> नानांनी घर विकलं.

विकलं म्हणजे काय, दोन वर्षं वाट बघितली त्या खोक्याची!! इस्टेट एजंटला सांगितलं होतं की जरा थांब, एक पार्सल यायचंय. शेवटी हिला म्हटलं आपण निघू, ड्रॅगन येईल मागून.
गंमत बघा, वास्को द गामा जुलै 1497 मध्ये लिस्बनहून निघाला, मे 1498 ला कालिकतला, आणि 1499 चा उन्हाळा संपता संपता घरी परत. जाऊन येऊन साधारण 26 महिने, तेही शिडाच्या जहाजातून, वाटेत स्कर्व्ही होऊन माणसं गेली तरी. आपल्या पुस्तकाला 28 महिने झाले आणि त्याला फक्त एकाच बाजूचा प्रवास करायचाय. माझा अंदाज: बोटीवरच्या खलाशांनी खोकं फोडलंय आणि खेळायला बसलेत. कॅप्टन डीएम आहे, म्हणजे खेळ चालवणारा. मोहीम संपल्याशिवाय बंदराला लागणार नाहीत.

---

प्रेषक: ब्रॅकनेलची वहिनी
बुधवार, 12 मार्च 2025, सकाळी 8:31

नाना :))
माझा अंदाज वेगळा. आम्ही गेल्या वर्षी कॉर्नवॉलला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका बाईंनी आमच्या लेकीला किनाऱ्यावर सापडलेला लेगोचा ऑक्टोपस दाखवला. 1997 च्या फेब्रुवारीत टोकियो एक्सप्रेस नावाच्या बोटीला लँड्स एंडजवळ मोठी लाट लागली आणि 62 कंटेनर समुद्रात पडले, त्यातल्या एकात जवळजवळ 48 लाख लेगोचे तुकडे. आणि त्यात काय काय होतं माहितीये का, 33 हजारांवर काळे ड्रॅगन आणि पाचशेच्या वर हिरवे!!! लोक अजून गोळा करतायत. तर बंट्या, तुझे ड्रॅगन किनाऱ्याला लागतील रे, फक्त 28 वर्षं थांब.
(परवा हंबरजवळ दोन बोटींची टक्कर झाली त्यावर कृपया कुणी विनोद करू नका, एक खलाशी गेलाय त्यात. ती बोट स्कॉटलंडहून रॉटरडॅमला चालली होती, आपला काही संबंध नाही.)

---

प्रेषक: माई
बुधवार, 12 मार्च 2025, सकाळी 11:04

मला सगळं कळलं नाही पण एवढं विचारते की ज्याला वीस बाजूंचे फासे लागतात ते पुस्तक कसं? आमच्याकडे पुस्तक म्हणजे वाचायचं आणि फासे म्हणजे सारीपाट. महाभारत फाशांमुळे झालं पण म्हणून कुणी महाभारताबरोबर फासे देत नाही.
दुसरं म्हणजे एवढा उशीर उशीर काय करताय सगळे. 1983 साली माझ्या बहिणीने पुण्याहून दिवाळी अंक बोटीच्या टपालाने पाठवले होते ते होळीला आले. आणि त्यातच एका डब्यात अनारसे ठेवले होते तिने, कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. अंक वाचले आम्ही सगळे, त्यांना तुपाचा वास येत होता, अजून कपाटात आहेत. अनारशांचं विचारू नका.
पुरणपोळ्या उद्या करते आहे, ज्यांना हव्यात त्यांनी मला वेगळा मेल करा, इथे नको.

---

प्रेषक: ब्रॅकनेलची वहिनी
बुधवार, 12 मार्च 2025, सकाळी 11:09

माई मला सहा!!

---

प्रेषक: सचिव
बुधवार, 12 मार्च 2025, दुपारी 12:40

सर्वांना नम्र विनंती, पुरणपोळीच्या ऑर्डरी रिप्लाय-ऑल करू नयेत.
तसेच किशोर गटाने ग्रुप ऑर्डर करताना मंडळाचं नाव इंपोर्टर म्हणून देण्याआधी कार्यकारिणीला विचारायला हवं होतं. मला हे आत्ता कळतंय. पाडवा 30 तारखेला आहे, त्याच दिवशी इथला मदर्स डे आहे, त्याच पहाटे घड्याळं एक तास पुढे जाणार आहेत, हॉलवाल्यांनी दुपारी दोनला बाहेर पडा म्हणून सांगितलंय, आणि मी ड्रॅगनचे फॉर्म वाचतोय.

---

प्रेषक: बंट्या
बुधवार, 12 मार्च 2025, दुपारी 1:15

सचिवकाका, 2022 मध्ये तुम्हीच तर सही केलेली आहे.

माईआजी, प्रश्न एकदम बरोबर आहे पण हे आधीपासूनच असं आहे. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी पहिलं डंजन्स अँड ड्रॅगन्स काढलं ना, तेव्हाही ते काय होतं, एका खोक्यात तीन पुस्तिका. हजार खोकी, घरीच बसून हाताने भरलेली, विस्कॉन्सिनमध्ये. पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळा खेळ पुस्तकात आणि बाकीचा डोक्यात. म्हणजे वाचायचंच असतं ते, फक्त मोठ्याने आणि पाच-सहा जण मिळून, आणि मधेमधे मरायचं. आपल्या खोक्यात प्रत्येकी एक पुस्तक (चारशे पानं, जाड पुठ्ठ्याचं), एक फाशांची थैली आणि एक पॅड ज्यावर आपल्या पात्राची माहिती भरायची. आता सांगा.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, 12 मार्च 2025, रात्री 9:20

पॅड? पॅडचा उल्लेख आजपर्यंत कुणीही केलेला नाही.
ज्या कागदावर भरायचं असतं ती स्टेशनरी. तिला 20 टक्के. पुस्तक शून्य, फासे 20, पॅड 20. हा तोच जाफा केकचा (चॉकलेट लावलेला, बिस्किटाएवढा) घोळ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केकला व्हॅट शून्य, चॉकलेट लावलेल्या बिस्किटाला पूर्ण व्हॅट, म्हणून 1991 मध्ये ट्रिब्युनलपुढे भांडण गेलं की जाफा केक नक्की काय. बाकीच्या गोष्टी बघितल्याच, पण एक मुद्दा असाही होता की शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडतं. जाफा केक कडक होतो. केक ठरला.

---

प्रेषक: नाना
बुधवार, 12 मार्च 2025, रात्री 9:34

मग सोपं आहे की. पुस्तक शिळं होऊ द्या आणि बघा काय होतं. 28 महिने झालेच आहेत.

---

प्रेषक: ब्रॅकनेलची वहिनी
बुधवार, 12 मार्च 2025, रात्री 9:50

या न्यायाने आमच्या सासूबाईंच्या चकल्या केक आहेत.

---

प्रेषक: अण्णा (गॅरेज)
गुरुवार, 13 मार्च 2025, सकाळी 7:02

पत्त्याचं काय ठरलं ते कुणी बोलत नाहीये आणि मला माहितीये शेवटी माझ्याकडेच येणार आहे. तर आधीच सांगतो. माझ्या गॅरेजमध्ये सध्या: गणपतीचं मखर, चार ढोल, सहा ताशे, लेझीमचे दोन खोके, 2019 च्या नाटकाचा दरवाजा (फक्त दरवाजा, भिंत कुठाय देव जाणे), आणि माईंची मोठी कढई. गाडी गेली सहा वर्षं बाहेर पावसात. पॅलेटवरून येणार असेल तर तो ट्रकवाला फुटपाथवर ठेवून निघून जातो, आत आणून देत नाही, लेझीमच्या वेळी मी एकट्याने ओढत आणलंय आणि कंबर अजून दुखते. दोन धडधाकट मुलं पाठवणार असाल तरच पत्ता देईन. बंट्या नको, त्याचं माहितीये मला.

---

प्रेषक: माई
गुरुवार, 13 मार्च 2025, सकाळी 7:40

कढई तिथे आहे होय! मी तीन वर्षं सचिवांच्या बायकोवर संशय घेत होते.

---

प्रेषक: बंट्याच्या ग्रुपमधला चेटक्या
गुरुवार, 13 मार्च 2025, दुपारी 4:26

हाय सगळ्यांना, माझं मराठी टायपिंग स्लो आहे सॉरी. आम्ही ऑर्डर केलं तेव्हा मी शाळेत यिअर ट्वेल्व्ह ला होतो. सप्टेंबरला मी युनी ला गेलो. आमच्या सहा मधले चार जण आता वेगळ्या गावात आहेत. मी अण्णाकाकांना हेल्प करेन पण फक्त ईस्टरच्या सुट्टीत. कुणी कॅप्टनला सांगा की ईस्टरला ये.
आणि एक गोष्ट. ऑर्डर केली ते चायनीज कॅलेंडरमध्ये वाघाचं वर्ष होतं. मग ससा. मग ड्रॅगन. आता जानेवारीपासून साप. म्हणजे ड्रॅगनचं पुस्तक ड्रॅगनच्या वर्षात पण नाही आलं 😭

---

प्रेषक: नाना
गुरुवार, 13 मार्च 2025, दुपारी 4:41

> आता जानेवारीपासून साप

म्हणजे बोट नव्व्याण्णववर होती आणि गिळली. सापशिडी झाली ही. पुन्हा शांघायपासून सुरू.

---

प्रेषक: अण्णा (गॅरेज)
गुरुवार, 13 मार्च 2025, दुपारी 5:30

विनोद राहू देत, खरं कारण साधं आहे. तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले व्हायला लागले म्हणून डिसेंबर 2023 पासून बहुतेक मोठ्या कंपन्या सुएझला जातच नाहीत, सगळं आफ्रिकेला वळसा घालून येतं, दहा दिवस तरी जास्त. पण त्याने दहा-पंधरा दिवस वाढतात, दोन वर्षं नाही! बाकीचं सगळं जमिनीवरच झालंय. आधी चित्रकार लेट, मग छापखाना चिनी नववर्षाला बंद, मग कव्हरचा रंग चुकला म्हणून परत छापलं (अपडेट 17 बघा, मी सगळे वाचतो). बोटीला उगाच बदनाम करू नका. 2021 मध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये आडवी झाली ना, त्यात माझं बागेचं टेबल होतं. सहा दिवसांत बाहेर काढली आणि मग भरपाईच्या भांडणात जुलैपर्यंत तिथेच तलावात उभी करून ठेवली. इथल्या फेलिक्स्टो बंदरात आली ऑगस्टच्या सुरुवातीला. टेबल आलं तेव्हा इथला उन्हाळा संपलेला, ते आता गॅरेजमध्ये आहे, यादीत सांगायचं राहिलं.

---

प्रेषक: सचिव
गुरुवार, 13 मार्च 2025, रात्री 10:15

सही माझीच आहे, पाहिली. तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की "सहा महिन्यांत येईल, काही करावं लागणार नाही".
खजिनदारांनी कृपया अंतिम काय ते सांगावं. दरवाजा 2019 च्या नव्हे, 2018 च्या नाटकाचा आहे.

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, 14 मार्च 2025, सकाळी 9:05

सप्रेम नमस्कार, धुळवडीच्या शुभेच्छा.
एका ओळीत काही लिहू नका. तीन ओळी लिहा, खऱ्या किमतीसकट:
छापील पुस्तके, कोड 4901, 12 नग, 420 पौंड.
खेळाचे फासे, कोड 9504, 12 संच, 48 पौंड.
कोरी पॅड, कोड 4820, 12 नग, 12 पौंड.
व्हॅट फक्त 60 वर, म्हणजे 12 पौंड, बोटभाड्याचा हिस्सा धरून थोडा वर जाईल. पुस्तकं ग्रंथालयाच्या कपाटात, फासे क्रीडा साहित्याच्या कपाटात ठेवावेत. 12 पौंड क्रीडा निधीतून. दोन पौंड शिल्लक राहतात.

---

प्रेषक: बंट्या
शुक्रवार, 14 मार्च 2025, दुपारी 4:51

भरला! तीन ओळी, नऊ मिनिटं बाकी असताना. पत्ता अण्णांचा. अण्णा, दादा आणि त्याचा मित्र येतील, मी फक्त कॉफी आणेन, प्रॉमिस.
पण खजिनदारकाका, पुस्तक एका कपाटात आणि फासे दुसऱ्यात, आणि दोन्ही कपाटांच्या किल्ल्या दोन वेगळ्या लोकांकडे, तर आम्ही खेळायचं कसं?

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, 14 मार्च 2025, दुपारी 4:58

अर्ज करा.

---

प्रेषक: माई
शुक्रवार, 14 मार्च 2025, संध्याकाळी 6:20

अण्णा, मी रविवारी कढई न्यायला येतेय, ढोल जरा बाजूला करून ठेवा. वहिनीच्या सहा पोळ्या तुमच्याकडेच ठेवते, तिला तिकडून न्यायला सांगा.