गेज काउंटी, नेब्रास्का: एवढे सरळ रस्ते आणि चौकोनी शेतं कशी? आणि जमीन मिळाली कुणाकडून?

लिंकनकर:
गेल्या वीकेंडला आईबाबांना घेऊन गेज काउंटीतल्या बिॲट्रिस गावाला गेलो होतो (इथले लोक मधल्या 'ॲट'वर जोर देतात). दर मैलाला चौक, रस्ते दोरी लावून आखल्यासारखे. बाबा जन्मभर शेती केलेले, आमच्याकडं बांध ओढ्याबरोबर वळतो, त्यामुळं ते सारखे विचारत होते, इथं बांधाची भांडणं होत नसतील का रे, आणि एवढी जमीन या लोकांना दिली कुणी? मला काही सांगता आलं नाही. कुणाला माहिती आहे का?

चौथा_हिस्सा:
तिथं चौकोन आधी पडले आणि माणसं नंतर आली. सरकारी मोजणीवाले 66 फुटांची साखळी घेऊन फिरले, 80 साखळ्यांचा एक मैल. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकर, त्याचा पाव भाग 160. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं हाच पाव भाग मिळायचा, एकूण फी 18 डॉलर, पण पाच वर्षं तिथंच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. बिॲट्रिसजवळच जमीन घेतलेल्या डॅनियल फ्रीमननं 1 जानेवारी 1863 ला, म्हणजे कायदा लागू झाला त्याच दिवशी, ब्राउनव्हिलच्या ऑफिसात अर्ज केला, मध्यरात्रीनंतर लगेच ऑफिस उघडायला लावलं असं सांगतात. त्याची जमीन कब क्रीकच्या काठी, प्रेरीत, म्हणजे मोकळ्या गवताळ रानात, लाकूड आणि पाणी ओढ्यापाशीच मिळायचं ना.

निळी_नदी:
फ्रीमनच्या आधीच बिॲट्रिस वसलं होतं. 1857 साली मिझूरी नदीत हॅनिबल नावाची आगबोट गाळात रुतली, तेव्हा बोटीवरच्या काही प्रवाशांनी तिथंच ठरवलं की मिळून गाव वसवायचं, मग बिग ब्लू नदीकाठची जागा धरली, नाव त्यांच्यातल्याच जज किनींच्या मुलीचं. फ्रीमनच्या जमिनीवर आता होमस्टेड पार्क आहे, त्यात 1867 चं लाकडी घर आहे ते बाबांना दाखवाच. 14 बाय 16 फूट, आपल्या एका खोलीएवढं, त्यात अख्खं कुटुंब नांदायचं.

गवताळ:
बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलंच नाही. जमीन ओटो-मिझूरिया या इथल्या मूळ आदिवासी लोकांची. 'नेब्रास्का' हे नावच ओटो भाषेतलं, सपाट पाणी. 1854 च्या तहात त्यांनी बाकीचा मुलूख सोडला आणि बिग ब्लूवर दहा मैल बाय पंचवीस मैलांचा पट्टा तेवढा त्यांच्याकडं राहिला, त्याचा बराचसा भाग या काउंटीच्या दक्षिणेला. 1862 च्या कायद्यात नागरिक असणं किंवा होणार असणं ही अट, आणि ही माणसं तेव्हा नागरिकच नव्हती, म्हणजे बाहेरून आलेला अर्ज करणार आणि इथलाच माणूस नाही. पुढं तो पट्टाही तुकड्यातुकड्यानं विकला गेला, 1881 मध्ये ते आताच्या ओक्लाहोमात रेड रॉकला गेले. म्हणून 'फुकट जमीन' म्हटलं की मला फार लागतं, किंमत दिली गेली होती, फक्त दुसऱ्यानं.

लिंकनकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ओटोंचं दोनदा वाचायला लावलं. आमच्या पाझर तलावात चुलत आजोबांची जमीन गेली होती, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. ओटोंची वस्ती बार्नस्टनपाशी होती ना? पुढच्या रविवारी तिकडंच न्यायचं म्हणतोय, रस्ता चांगला आहे का?