मदत हवी आहे : 'नृत्य आणि पर्यावरण' शिकवतेय, कोणत्या गोष्टीला किती गुण द्यायचे?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका विद्यापीठात मी कथक शिकवते. यंदा 'नृत्य आणि पर्यावरण' हा २ क्रेडिटचा ऐच्छिक विषय माझ्याकडे आलाय. वर्गात २४ मुलं. तिघी विशारद झालेल्या, बाकीचे गणपतीच्या मिरवणुकीपलीकडे कधी नाचलेले नाहीत.

हिरवे झगे घालून 'झाडे लावा' म्हणणारा नाच बसवायचा नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं. गॅदरिंगसाठी तसले नाच खूप बसवलेत. थर्माकोलचं झाड, एकदाच घातलेले पॉलिएस्टरचे कपडे, दुसऱ्या दिवशी सगळं कचऱ्यात. आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून सुरुवात कालियादमनापासून केली. यमुनेचं पाणी विषारी झालंय, गुरं कोसळताहेत, हा गतभाव (कथकमध्ये अभिनयातून गोष्ट सांगण्याचा प्रकार) घेतला. पाणी दाखवताना मी लाटेची नेहमीची हालचाल शिकवली. आळंदीची एक मुलगी मधेच थांबली. म्हणाली, "मॅडम, इंद्रायणीवर फेस आला ना, की लाट दिसतच नाही. वरचा थर नुसता डुलतो." तिने बोटं आखडून घेतली आणि फक्त मनगट हलवलं. तो फेस आम्हा सगळ्यांना दिसला.

कृष्ण कालियाला मारत नाही, समुद्राकडे धाडतो. तिथे फुरसुंगीचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे विष संपलं नाही, दुसऱ्याच्या दारात गेलं." पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत गेलाय, तो त्या वासात वाढलाय. पुढच्या तासाला त्याने कालिया येताना बघणारा समुद्र करून दाखवला. पाय जागचे हलले नाहीत, फक्त खांदे हळूहळू आत ओढत नेले. मला पुढे बोलवेना.

आता अडचण. फुरसुंगीच्या त्या मुलाला तत्कारात (कथकमधलं पायांचं काम) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडत नाही. विशारद मुलीचं अंग स्वच्छ, लय चोख, पण तिचा समुद्र क्लासमध्ये शिकवला तसाच. अंतर्गत मूल्यमापनाच्या तक्त्यात मी कशाला किती गुण ठेवू? निरीक्षणवही धरायची का? प्रत्येकाने स्वतःच्या पहिल्या दिवसापासून किती अंतर कापलं, ते मोजायचं का? असा विषय कुणी शिकवला असेल तर तुमचा तक्ता कसा होता, सांगाल का?

दुसरं, जागेचं. जुलैपासून आम्ही वेताळ टेकडीवर अनवाणी सराव करत होतो, स्पीकर न लावता. चौथ्या आठवड्यात वनस्पतिशास्त्राच्या मुलीने खाली बोट दाखवलं. ओल्या मातीवर आमच्या तत्काराने गवत गेलं होतं, जमीन दगडासारखी दाबली गेली होती. तिच्याकडूनच कळलं की या टेकड्यांवर मूळचं गवतच महत्त्वाचं आणि लावलेल्या ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या सावलीत ते नीट वाढत नाही. तेव्हापासून वर्ग परत फरशीवर आलाय. पण मातीचा स्पर्श मुलांना हवाय. पायाखालच्या जिवाला धक्का न लावता बाहेर शिकवायचं कसं?

आणि जव्हार-डहाणूकडे कुणाची ओळख असेल तर कृपया कळवा. दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून तारपा हे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य कसं उभं राहतं, हे मुलांनी ते वाजवणाऱ्याकडूनच शिकावं असं वाटतं. त्यांना शिक्षक म्हणून बोलवायचं आहे, स्टेजवरचा आयटम म्हणून नाही. मानधन किती द्यावं आणि कोणत्या दिवसांत बोलावलं तर त्यांची शेतीची कामं अडणार नाहीत?

गुण नोव्हेंबरात भरायचे आहेत. तक्ता त्याआधी मुलांना दाखवायचा आहे, त्यामुळे गुणांबद्दल आधी सांगितलंत तर फार बरं होईल.