सावली दिसली तर थंडी का लांबते? (ग्राउंडहॉग डे)

पुण्याची_पाहुणी

सहा महिन्यांसाठी मुलीकडे पिट्सबर्गला आले आहे. 2 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे पंक्सुटॉनी गावाबाहेरच्या गॉब्लर्स नॉब या टेकाडावर जाण्याचा योग आला. कडाक्याच्या थंडीत हजारो लोक अंधारापासून ताटकळत उभे होते. सूर्योदयाच्या सुमारास उंच काळ्या टोप्या घातलेल्या मंडळींनी एका लाकडी खोडातून फिल नावाचा गुबगुबीत ग्राउंडहॉग (बिळात राहणारा एक प्राणी) बाहेर काढला, त्याला दोन्ही हातांनी उचलून गर्दीला दाखवला आणि त्याच्याशी कानगोष्टी केल्यासारखे करून, आधीच लिहून ठेवलेल्या दोन गुंडाळ्यांपैकी एक वाचून दाखवली. फिलला स्वतःची सावली दिसली होती, म्हणजे थंडी आणखी सहा आठवडे राहणार.

माझी शंका अशी की, सावली पडते ती ऊन असेल तेव्हा, मग स्वच्छ उन्हातून थंडी लांबण्याचा अर्थ कसा काय निघतो? आपल्याला तर उलटे वाटेल.

जुनी_पंचांगे

या प्रथेचे मूळ प्राण्यात नसून तिथीत आहे. नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे 2 फेब्रुवारीला, ख्रिस्ती परंपरेत मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याचा सण असतो, आणि हा दिवस सर्वांत लहान दिवस व वसंतसंपात (मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) यांच्या जवळपास मधोमध येतो. या दिवशी आकाश निरभ्र असेल तर हिवाळा अजून सरलेला नाही, असा समज युरोपात जुनाच होता. जर्मन भाषकांनी त्यात बॅजर हा बिळात राहणारा प्राणी आणला, म्हणजे तो बिळाबाहेर येऊन आपली सावली पाहतो आणि पुन्हा आत शिरतो. तेथून पेन्सिल्व्हेनियात येऊन वसलेल्या कुटुंबांनी बॅजरचे काम तिथे मुबलक असलेल्या ग्राउंडहॉगकडे सोपवले. पंक्सुटॉनीच्या टेकाडावरचा पहिला सोहळा 1887 सालचा आहे.

आता उन्हाविषयी. त्या भागात ऐन हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडी, जड, थंड हवा उतरते तेव्हा आकाश स्वच्छ होते, तर ढग बहुधा दमट आणि तुलनेने उबदार हवेबरोबर येतात. त्यामुळे त्या एका दिवसापुरता ठोकताळा अगदीच निराधार म्हणता येत नाही, पण त्यावरून पुढचे सहा आठवडे सांगणे हे धाडसच. अमेरिकेच्या हवामान विभागाने अलीकडच्या वर्षांतील भाकिते ताडून पाहिली, तेव्हा फिल चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळा बरोबर निघाला. नाणे उडवले असते तरी बरे! शिवाय 2 फेब्रुवारीनंतर सहा आठवडे मोजले की मार्चचा मध्य येतो आणि वसंतसंपात 20 मार्चच्या सुमारास असतो, म्हणजे "सहा आठवडे थंडी" हे एरवीचेच कॅलेंडर झाले.

बिळाजवळ

वरील विवेचनात प्राण्याची बाजू राहून गेली, म्हणून लिहितो. ग्राउंडहॉग खारीच्या कुळातला असून खरी शीतनिद्रा घेतो. त्या काळात त्याच्या शरीराचे तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते आणि हृदयाचे ठोके मिनिटाला मोजकेच पडतात. पेन्सिल्व्हेनियातीलच अभ्यासातून असे दिसले आहे की नर फेब्रुवारीत खरोखर बाहेर येतात, माद्यांची बिळे कुठे आहेत हे हिंडून पाहतात आणि पुन्हा झोपी जातात, कारण मीलनाचा काळ मार्चमध्ये असतो. बाहेर येऊन पुन्हा आत जाणारा प्राणी शेतकऱ्यांनी पाहिलेला असणारच, फक्त त्याच्या परत जाण्याचे कारण त्यांनी सावलीवर ढकलले.

करकोचा

सर्बियात हेच काम अस्वल करते. तिथले चर्च जुने कॅलेंडर पाळत असल्याने तो दिवस 15 फेब्रुवारीला येतो, पण सावली पाहून गुहेत परतण्याची गोष्ट तीच. मला मात्र बल्गेरियाची रीत अधिक प्रामाणिक वाटते. 1 मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा मनगटाला बांधतात आणि करकोचा, भिंगरी किंवा फुललेले झाड दिसेपर्यंत ती काढत नाहीत. तिथे कोणी भाकीत करत नाही, पक्षी येईपर्यंत थांबतात.

आपल्याकडे अंदाज वसंताचा नसून पावसाचा लागतो, आणि पंचांगातली पर्जन्यनक्षत्रांची वाहने तर नुसती आकडेमोड आहे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागायचे आणि बाकीवरून बेडूक, म्हैस की कोल्हा ते ठरवायचे. त्या हिशेबात खऱ्या बेडकाला कोणी विचारत नाही. "पेरते व्हा" म्हणणारा पावशा निदान झाडावर बसलेला असतो.

पुण्याची_पाहुणी

सर्वांचे आभार. नर बिळे पाहून परत झोपतात हे जावयांना वाचून दाखवले, तर ते म्हणाले की गुंडाळीवर हेच लिहायला हवे होते.

एक उलगडा अनपेक्षितपणे झाला. मुलीच्या बल्गेरियन शेजारणीने 1 मार्चला माझ्या हाताला लाल-पांढरा दोरा बांधला होता आणि तो राखीसारखा काहीतरी असेल, असे समजून मी तो तसाच ठेवला होता. इथे करकोचा येण्याची शक्यता नाही, तेव्हा घरासमोरच्या झाडाकडे रोज सकाळी पाहते. कळ्या आल्या आहेत, अजून उमललेल्या नाहीत.